थांबलेला सुळा

“फट तर कमी झालीय. मग सुळा मागे का आला नाही, बाई?”

खुर्चीत आडव्या झालेल्या मुलीच्या तोंडात डॉ. सुहासिनी नाटेकर वाकून बघत होत्या.

विचारणारा निनाद हुद्दार हातमोजे घालून शेजारी उभा होता. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात तो पुण्याहून सुवर्णपदक घेऊन आला होता. सावंतवाडीच्या या जुन्या दवाखान्यात बाईंच्या हाताखाली त्याला आठ महिने झाले होते. बाई फार सावकाश काम करतात, असं त्याचं मत पहिल्याच आठवड्यात होऊन गेलं होतं.

खुर्चीतल्या मुलीचं नाव सुगंधा परब. वय वीस. वरचे दात चांगलेच पुढे. ते मागे घ्यायला जागा हवी म्हणून दोन्ही बाजूंचा सुळ्यामागचा एकेक दात काढला होता. त्या फटीत आधी सुळे सरकवायचे, मग पुढचे दात. जूनमध्ये ती गोव्यातल्या एका हॉटेलात, पाहुण्यांचं स्वागत करायच्या कामावर रुजू होणार होती.

“जूनपर्यंत करून देतो,” असं निनाद तिला बोलून बसला होता. बाईंना न विचारता.

बाईंनी फट मोजली. तिच्या दातांचा जुना साचा कपाटातून काढला, त्यावरही मोजली. मग पुन्हा तोंडात.

“सुळा होता तिथेच आहे,” त्या म्हणाल्या. “मागची दाढ पुढे आलीय.”

दाढ नुसती आधाराला होती. सुळ्यापासून निघालेली स्प्रिंग तिला अडकवली होती, एवढंच. तिने हलायचंच नव्हतं.

“स्प्रिंग कुठली घातलीस?”

“जरा… जाड.”

“कितीदा बदललीस?”

“दोनदा. सुळा हलेना, म्हणून दर वेळी जोर वाढवला.”

“हातमोजा काढ. हात दे.”

त्याने हात पुढे केला. बाईंनी त्याच्या अंगठ्याच्या नखावर आपला अंगठा टेकवला आणि दाबला. नख पांढरंफटक पडलं.

“रक्त कुठे गेलं?”

“दाबामुळे… बाजूला झालं.”

“हाड पोखरून दाताला वाट करून देणाऱ्या पेशी कुठून येतात?”

“रक्तातून.”

बाई दाबतच राहिल्या. अंगठा ठणकायला लागला. त्याने हात मागे घेतला नाही.

“त्यांना यायला तू जागा ठेवलीस?”

त्यांनी हात सोडला. नख हळूहळू गुलाबी झालं. हे सगळं त्याने परीक्षेत दोन पानं भरून लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क होते.

तो बाईंच्या कानाशी वाकला. “तिला आत्ताच नको सांगायला. स्प्रिंग बदलतो. महिन्याभरात मी सावरून…”

“माका सांगा,” सुगंधा उठून बसली. “माजा तोंड आसा ता.”

बाईंनी स्टूल मागे ओढलं आणि बसल्या. “निनाद सांगेल.”



“दात… दात हाडात ठोकलेला खिळा नसतो,” निनादने सुरुवात केली. “हलका दाब दिला की त्याच्यापुढचं हाड झिजतं आणि मागे नवं हाड भरत जातं. असा तो सरकतो. मी जोर केला. त्याने सुळा अडकून बसला, आणि जिच्या आधाराने त्याला ओढत होतो ती दाढच पुढे आली. तुझ्या दातांसाठी केलेली जागा तिने खाल्ली.” त्याने जुन्या साच्यावर ती जागा दाखवली. “जूनला होणार नाही. दाढ मागे न्यायला लागेल. अजून वर्ष तरी… चूक माझी आहे.”

सुगंधा त्याच्याकडे बघत राहिली.

“तुमी माका इचारलास, दुखता काय? मी सांगलंय, रातभर निजूक नाय. तुमी हसलास. म्हणालास, दुखता म्हणजे काम चालू आसा.”

निनादने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“बाईनू,” सुगंधाचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता, “आता काय करूचा?”

“स्प्रिंग काढायची. सहा आठवडे काही करायचं नाही. तोवर सुळा मोकळा होईल. आता स्प्रिंग मी काढू, की दुसरा डॉक्टर हवा? ते तू ठरव.”



“ह्येंकाच काढूक सांगा,” ती निनादकडे बोट करत म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली. “पन तुमी हयच रवा. मी तारा घालूनच कामावर जातलंय. महिन्याक एक सुट्टी घेऊन येतलंय.”

निनादने स्प्रिंग काढली. पाच मिनिटांच्या कामाला त्याला वीस मिनिटं लागली. मध्ये तीनदा त्याने विचारलं, दुखतंय का? दोनदा ती होय म्हणाली, आणि दोन्ही वेळा तो थांबला.

ती निघून गेल्यावर तो बेसिनपाशी हात धूत होता.

“सहा आठवड्यांनी सुळा पुन्हा ओढायला घेईन तेव्हा…” तो म्हणाला. “किती जोर लावू, बाई?”

बाई चष्मा पुसत होत्या.

“दाताला वाटलं पाहिजे, तो आपणहून निघालाय.”