न चाखलेला वेल

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण तेव्हा बियाणं दुकानात मिळत नसे, ते घरात जपावं लागे, नाहीतर कुणाच्या तरी दारात जाऊन मागावं लागे, एवढं नक्की.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात शाळा होती आणि शाळेमागे सगळ्या गावाचा मिळून एक मळा होता. मुलं पाणी घालत, गावकरी शेणखत आणि राख आणून टाकत, आणि दुपारी शाळेच्या मोठ्या पातेल्यात मळ्यातलीच भाजी शिजे. काकडी, दोडका, वाल, घेवडा, सगळं तिथं होई. पण मळ्याचं नाव होतं ते दुधीसाठी. दरवर्षी पेरणीच्या आधी घरटी चार-पाच बिया मळ्यातून मिळत आणि तेवढ्यावर घरोघरचं परस हिरवं होई.

या मळ्याची राखण एक मावशी करत असे. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच मावशी झाली होती. तीस वर्षं तिने हे काम केलं. लोकांना तिचं कौतुक होतं, पण ती दमली आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ही गोष्ट तिच्या त्या दमण्याचीच आहे.

मळ्यात सगळ्यात अवघड काम होतं चाखण्याचं. दुधीच्या वेलाचा भरवसा नसतो. दहा वेल गोड निघतात आणि अकरावा कडू जहर निघतो. पान तेच, फूल तेच, फळाचा रंगही तोच. बियाण्यासाठी राखलेलं फळ वेलावरच वाळू द्यावं लागतं, ते मध्येच कापून बघता येत नाही. म्हणून गावाने एक रीत घालून दिली होती. प्रत्येक वेलाचं पहिलं कोवळं फळ तोडायचं, देठाकडची चकती जिभेवर ठेवायची आणि थुंकून टाकायची. कडू लागली तर वेल मुळासकट उपटायचा. गोड निघालेल्या वेलांतला सगळ्यात जोमदार वेल निवडायचा आणि त्याच्या एका फळाला लाल चिंधी बांधायची. त्या वेलाच्या कुठल्याच फळाला मग कुणी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी त्याच फळाच्या बिया गावभर जायच्या.

फार पूर्वी एकदा शाळेचे गुरुजी म्हणाले होते, "मावशी, हे चाखायचं मुलांनाही शिकवू या. एकेक वेल एकेकाला देऊ."

मावशी तेव्हा तरुण होती, अंगात रग होती. ती म्हणाली, "नगं गुरुजी. पोरं चेष्टा करत्याल. एक वेल चुकला तर गावाचं बी नासंल. ही खेळायची गोष्ट न्हाई. माझी मी बघते."

गुरुजींनी पुन्हा विषय काढला नाही. गावालाही ते सोयीचंच पडलं. पुढे कशाचीही काळजी वाटली की लोक म्हणत, "मावशी हाय न्हवं." कुंपण मोडलं, मावशी हाय न्हवं. किडा पडला, मावशी हाय न्हवं. एवढं बोललं की माणसाला आपण काम केल्यासारखं वाटतं, तसं त्या गावाला वाटायचं.

मळ्यात सहा ओळी होत्या आणि ओळीत दहा-दहा वेल. चाखायच्या दिवसांत मावशी उन्हं वर यायच्या आत ओळीला लागायची. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. पण पुढेपुढे तिची जीभ मरत चालली. कच्च्या चकत्या चाखून चाखून संध्याकाळची भाकरी तिला माती खाल्ल्यासारखी लागे. गुडघे बोलत. वाकलं की उठवत नसे आणि उठलं की पुन्हा वाकवत नसे. आपण शेवटचं चवीने कधी जेवलो, हे तिला आठवेनासं झालं.

एका वर्षी तिने हिय्या केला. गाव पारावर जमला होता, तिथे जाऊन ती म्हणाली, "मी आता दमलीया. चाखायला कुणीतरी जोडीला द्या."

लोकांनी पाटलांकडे पाहिलं. मग पाटील खाकरून म्हणाले, "मावशी, तुमची जीभ ती तुमची जीभ. आमास्नी काय कळतंय त्यातलं? आन् तुमीच म्हनला व्हता, ही खेळायची गोष्ट न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिचा मान राखायला हवा, असं कुणीतरी म्हणालं. मग तिला लुगडं नेसवलं, हातात नारळ दिला आणि गाव समाधानाने घरी गेला. जोडीदार मागायला गेलेली मावशी नारळ घेऊन परत आली.

त्या वर्षी तिने पाच ओळी चाखल्या. सहावी ओळ कुंपणाला लागून होती. कुंपणापलीकडे एका गोसाव्याची झोपडी होती आणि पाणी भरायचे तुंबे करण्यासाठी त्याने तिथे कडू भोपळ्याचा वेल लावला होता. तो दुधीचाच भाऊबंद, त्याचा कडूपणा कधी कुंपणाअलीकडे शिरेल याचा नेम नव्हता, म्हणून सहाव्या ओळीत मावशी नेहमी दुप्पट लक्ष घालायची. त्या दिवशी मात्र ती बांधावर बसली ती बसलीच. तिला वाटलं, तीस वर्षांत कडू वेल निघाले ते निघाले किती? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. नेमका आजच निघणार आहे का? तिने पदराने तोंड पुसलं आणि ती घरी निघून गेली.

काही दिवसांनी मुलं तिला हाताला धरून मळ्यात घेऊन गेली. सहाव्या ओळीच्या टोकाला एक वेल इतका माजला होता की त्याने कुंपण झाकून टाकलं होतं. फळं लांबसडक, एकाला एक डाग नाही.

"मावशी, यंदा ह्याला चिंधी बांधू या?" मुलांनी विचारलं.

मावशीने वेलाकडे पाहिलं. आपण हा चाखलेला नाही, हे तिला पक्कं आठवत होतं. एक कोवळं फळ तोडून एक चकती कापायला कितीसा वेळ लागला असता? पण दमलेल्या माणसाला एक चकतीही जड होते. ज्याने कधी सगळ्यांचं काम एकट्याने ओढलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

"बांधा," मावशी म्हणाली.

पुढच्या वर्षी त्या फळाच्या बिया घरोघर गेल्या. वेल तरारून वर आले आणि भराभर मांडवावर चढले. मळ्यातले वेल उशिरा पेरलेले, ते अजून फळावर आले नव्हते; पण परसातलं पहिलं फळ शाळेच्या पातेल्यात द्यायची गावाची पद्धत होती. तशी प्रत्येक घराने आपापली फळं आणून दिली. बी मावशीचं, तेव्हा घरी चाखून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. भाजी शिजली, पंगत बसली आणि मुलांनी पहिला घास घेतला.

धीट मुलांनी तो लगेच थुंकून टाकला. जी भित्री होती, त्यांनी गुरुजी रागावतील म्हणून गिळला. थोड्याच वेळात वांत्या सुरू झाल्या. दहा-बारा पोरं पोट धरून मळ्याच्या कडेच्या चिंचेखाली आडवी पडली. आया धावत आल्या. दुपार कशी गेली ते कुणालाच सांगता आलं नसतं. उन्हं कलली तेव्हा एकेक मूल उठून बसलं, आणि गावाला श्वास घेता आला.

श्वास आला तसा रागही आला.

"मावशी, हे झालं कसं?" पाटलांनी विचारलं.

"त्यो वेल मी चाखलाच न्हवता," मावशी म्हणाली.

"मग तसं सांगायचं न्हाई व्हय?"

"दमलीया म्हणून सांगितलं व्हतं की. तुमी नारळ दिला."

पाटलांनी मान खाली घातली. पण मावशीलाही बोलून बरं वाटलं नाही. चिंचेखालची पोरं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. चूक गावाची होती तशी आपलीही होती, हे तिला कळत होतं आणि ते फार लागत होतं.

गावातले सगळे वेल उपटले गेले. आता बी आणायचं कुठून? दरवर्षी नवं बी मिळायचं म्हणून उरलेल्या बिया पोरं भाजून खात, त्यामुळे जुनं बी एकाही घरात नव्हतं. पण एक आशा होती. गावची लेक सासरी निघाली की मावशी तिच्या पदराला मूठभर दुधीचं बी बांधून द्यायची आणि चाखायची रीत तेवढी तिला शिकवायची. त्यातलं कुठेतरी टिकलं असेल.

"कुणाकडं असंल ते मावशीलाच ठावं," लोक म्हणाले. इतकं सगळं होऊनही तिच्याबरोबर जायला कुणी उठलं नाही. सवयी काही एका दिवसात सुटत नाहीत.

मावशी एकटीच निघाली. पहिल्या लेकीचं गाव एका दिवसाच्या वाटेवर होतं. ती मोठी कामसू. तिने मावशीला पाणी दिलं, पाट दिला आणि मान खाली घालून सांगितलं, "सगळं माझी मीच बघायची. दोन बाळंतपणं पाठोपाठ झाली, त्यात बी पेरायचं ऱ्हाऊन गेलं." दुसरी तिच्याहून कामसू. ती म्हणाली, "माझ्याशिवाय कुनी बघत न्हवतं. एक साल आजारी पडले आन् वेल गुरांनी खाल्ला." दोन्ही घरी बोलणं ऐकताना मावशीला आपलाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

तिसरी लेक नदीपलीकडे राहायची. तिच्याकडून मावशीला काहीच आशा नव्हती. लहानपणी ती इतकी आळशी होती की मळ्यात पाणी घालायची पाळी आली की झाडामागे लपून बसायची. पण आता दुसरं दार उरलं नव्हतं. तळपायाचे फोड सांभाळत मावशी नदी उतरली.

सकाळची वेळ होती. आळशी लेकीच्या परसात जत्रा भरल्यासारखी माणसं होती. सासू एका वेलापाशी, दीर दुसऱ्यापाशी, नवरा तिसऱ्यापाशी. शेजारच्या दोघी आल्या होत्या, पोरंही होती. प्रत्येकाच्या जिभेवर दुधीची चकती होती, आणि कुणी थुंकत होतं, कुणी "ग्वाड हाय" म्हणून ओरडत होतं. लेक स्वतः ओट्यावर पाय पसरून बसली होती.

मावशीला बघून ती उठली, तिच्या पाया पडली. मावशीने विचारलं, "हे काय गं चाललंय?"

लेक जरा लाजली. "तुमी बी दिलं, आन् चाखायची रीत बी शिकवली व्हती. पर मला कंटाळा येतो हो मावशी. रोज कोन चाखत बसणार? म्हणून सगळ्यांस्नी शिकवलं आन् एकेक वेल वाटून टाकला. आता मी न्हाई बघितलं तरी चालतंय."

मावशी ओट्यावर बसली. तिला हसू आलं आणि हसताहसता रडूही आलं. तीस वर्षं ती राबली आणि गावाचं बी गेलं. ही पोर कंटाळली आणि तेच बी नदीपलीकडे जिवंत राहिलं. आपल्याला दमायचं कळलं, पण वाटून द्यायचं कळलं नाही, असं तिच्या मनात आलं.

लेकीने आढ्याला टांगलेला वाळका दुधी काढला. त्याच्या देठाला लाल चिंधी होती आणि तो हलवला की आत बिया खुळखुळत. तो मावशीच्या ओटीत घालून ती म्हणाली, "न्या. पर एक ऐका. फुडच्या साली तुमी चाखायचं न्हाई."

मावशी परत आली ती थेट पारावर गेली. दुधी तिने ओटीतच धरून ठेवला. "वेल साठ हायत. ज्येला बी पायजे त्येनं चाखायला एक वेल घ्यायचा. मी शिकवीन. चाखणार न्हाई," ती म्हणाली. तिचा मान करायला कुणीतरी नारळ आणला होता, त्याने तो पाठीमागे लपवला.

पुढच्या वर्षी चाखायच्या दिवशी अख्खा गाव मळ्यात होता. मुलं होती, त्यांच्या आया होत्या, आणि म्हातारे गुरुजी सगळ्यांत पुढे होते. पाटलांच्या वाट्याला सहाव्या ओळीचा शेवटचा वेल आला होता. तिथे पेरलं होतं लेकीचंच बी, पण गोसाव्याच्या भोपळ्याचं एखादं बी तिथे आपणहून रुजलं असावं. पाटलांनी चकती जिभेवर ठेवली आणि त्यांचं तोंड पार वाकडं झालं. ते तसेच मावशीकडे आले. ती चिंचेखाली बसली होती.

"मावशी, एकदा तुमी बघून घेता का?"

"न्हाई. तुमची जीभ काय म्हनती?"

"कडू हाय."

"मग उपटा."

पाटलांनी धोतर वर खोचलं आणि दोन हातांनी वेल मुळासकट उपटून काढला. ते बघून मुलं हसली, पाटीलही हसले. उरलेल्या एकोणसाठ वेलांतल्या सगळ्यात जोमदार वेलाला गुरुजींनी लाल चिंधी बांधली.

दुपारी पातेलं उतरलं. मावशीच्या पुढ्यात भाकरी आणि दुधीची भाजी आली. तिने घास घेतला, चावता चावता थांबली आणि पुन्हा एक घास घेतला. सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघत राहिला. काय झालं असेल म्हणून आयांनी मुलांचे हात धरून ठेवले.

"भाजीला मीठ कमी पडलंय," मावशी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून सांगतो, ज्यात सगळ्यांचा घास आहे त्याची चव एकट्या जिभेवर सोपवू नये, आणि त्या जिभेनेही ती एकटीकडे ठेवू नये.