साकु म्हणजे पुरे

"मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात टाकायचा म्हणे. का म्हणून टाकू?" मृण्मयी उखडलीच.

"नको टाकूस. मग माझ्याकडं यायचंही बंद कर," शेवंताक्का म्हणाली आणि ताक घुसळत राहिली.

मृण्मयी नाशिकची; कर्नाटकच्या सीमेवरच्या जतला सून म्हणून आलेली. सासू नीलव्वाला अर्धांगवायू झाला, त्यात तिचं मराठी पार पुसलं गेलं. उरलं ते कन्नड. तेव्हा सुनेनं मोबाइलवर कन्नड शिकायला घेतलं, आणि जोडीला शेजारच्या या अक्काची शिकवणी लावली. अक्का शाळेची पायरी न चढलेली, बाजारात शिव्या खाऊन कन्नड शिकलेली.

मृण्मयीनं सुनावलं. मोबाइल रोज शाबासकी देतो, चांदण्या देतो, एक दिवस खाडा झाला तर साखळी तुटेल म्हणून बजावतो. त्या ओढीनंच ती टिकली होती. अक्कानं आजवर एकदा तरी बरं म्हटलं होतं का?

"नाही म्हटलं," अक्का म्हणाली. "मग आज रडत का आलीस?"

मृण्मयीचा आवाज उतरला. सकाळी ती सासूला पेज भरवत होती. सासू म्हणाली, "साकु." साकु म्हणजे पुरे. या शब्दाला तर तिला चांदणी मिळाली होती. कळलं, मला कळलं, असं हरखून सांगत तिनं पुढचा चमचा सासूच्या तोंडाशी नेला. सासूनं भिंतीकडं तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

"माझं चुकलं काय, तेच कळेना."

अक्कानं तिच्यापुढं पेला ठेवला आणि ताक ओतू लागली. पेला भरत आला.

"साकु," मृण्मयी म्हणाली.

"शाब्बास," अक्का म्हणाली, आणि ओतत राहिली.

"अक्का, साकु."

"वा. उच्चार सुधारला की."

ताक पेल्यावरून ओसंडलं, मृण्मयीच्या मांडीवर आलं. तिनं अक्काचं मनगट गच्च धरलं. "साकु म्हणतेय ना मी. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

अक्काचा हात थांबला.

कोपऱ्यात मोबाइल वाजला. साखळी तुटेल म्हणून सांगत होता. मृण्मयी जागची हलली नाही.

"ती तुझी परीक्षा घेत नव्हती गं..." अक्का म्हणाली. "तिचं पोट भरलं होतं."