अंबररायाचा शब्द खाली पडला त्याची गोष्ट

एका राज्यात अंबरराय नावाचा राजा होता आणि त्याच्याशी बोलायला कुणीही नव्हते. राज्याभिषेकाच्या दिवशी एका मांत्रिकाने त्याला वर माग म्हटले. मूर्ख राजे मागतात तेच त्याने मागितले, "माझा शब्द कधी खाली पडू नये." मांत्रिक हसला आणि तथास्तु म्हणाला. तो वर नव्हता, शाप होता.

तेव्हापासून राजाच्या तोंडून निघेल तो कायदा. एकदा जेवताना तो "मीठ नको" म्हणाला, तर राज्यातल्या घरोघरच्या भाज्या अळणी झाल्या. लोक त्याला टाळू लागले. प्रधान कानांत बोळे घालून दरबारात येई. उरली ती धाकटी बहीण, कुमुदा. ती त्याच्याशी सारीपाट खेळे आणि बिनदिक्कत भांडे.

एके दिवशी ती म्हणाली, "दादा, सोंगटी एक घर जास्त सरकवलीस."

राजा चिडला. "चालती हो! माझ्या राज्यात पाऊल ठेवू नकोस!"

झाले. कुमुदेच्या पायांनी तिला उचलून सीमेपार नेले. राजाने मागाहून किती वेळा "ये" म्हटले. पण आधीचा शब्दही खाली पडणारा नव्हता. पट तसाच मांडलेला राहिला. राजा त्याच्याकडे पाहत एकटा जेवे.

खिडकीत एक भारद्वाज येऊन बसे. पाखरे कुणाची प्रजा नसतात, म्हणून तो न भिता बोले.

"राजा, तुझा शब्द एकाच तोंडातून निघतो, म्हणून तो शाप आहे. तो दोन दालनांतून जाऊ दे. मग त्याच्यापुढे जुना शब्दही टिकणार नाही. पहिले काम, एक थोरले दालन बांध. तिथे प्रजेने आपली माणसे निवडून पाठवावीत. जिथे वस्ती मोठी, तिथली आसने अधिक. कुणाला निवडावे, हे मात्र सांगू नकोस."

राजाने दालन बांधले. गावोगाव मडकी मांडली गेली. बाया-बाप्ये आले आणि कुणाला न सांगता आपापला चिंचोका टाकून गेले. निवडून आलेले लोक पहिल्याच दिवशी असे भांडले की छपरावरची कबुतरे उडाली. या दालनाचे आयुष्य पाच बहरांचे. आंबा पाचव्यांदा मोहरला की आसने रिकामी होत आणि पुन्हा चिंचोके पडत. खजिन्याला हात घालायचा, तर ती गोष्ट आधी इथेच काढावी लागे.

"दुसरे काम," भारद्वाज म्हणाला, "एक धाकटे दालन बांध. तिथे प्रांतांच्या सभांनी आपली माणसे पाठवावीत. विद्येतली, कलेतली मोजकी माणसे तू नेम."

तेही झाले. हे दालन कधी पुरते रिकामे होत नसे. दर दोन बहरांनी एक तृतीयांश माणसे उठत, नवी बसत, आणि उरलेली मागच्या गोष्टी ध्यानात ठेवून असत.

राजाला वाटले होते, आता तरी सोबत मिळेल. कसली सोबत! त्याचे आसन दोन्ही दालनांच्या मधल्या ओवरीत होते. उजवीकडे गलबला, डावीकडे हलके आवाज आणि मध्ये हा एकटा, जवळ तो मांडलेला पट.

"तिसरे काम. तुझा शब्द तांब्यात बोल, झाकण लाव, आत पाठव. दोन्ही दालनांनी होकार दिला आणि तू मोहोर उठवलीस, तरच कायदा. तोवर गप्प बस."

राजाने तांब्या भरला. थोरल्या दालनाला त्याची दया आली आणि त्याच दिवशी होकार मिळाला. धाकट्या दालनातून मात्र डोंगरप्रांताची सगुणाबाई तांब्या घेऊन बाहेर आली.

"महाराज, हा परत."

"का?"

"आपणच ऐका."

तिने झाकण उघडले. आतून राजाचाच आवाज आला, "कुमुदेने ताबडतोब परत यावे!"

"पाय तिला उचलून आणतील," सगुणाबाई म्हणाली. "पण तिला कुणी विचारले?"

राजाचे तोंड लाल झाले. एकदा "मान्य करा" म्हटले असते, तर दोन्ही दालने मुकाट झाली असती आणि संध्याकाळपर्यंत बहीण पटासमोर आली असती. ते शब्द त्याच्या जिभेवर आले होते. त्याने ओठ घट्ट मिटले, तांब्या घेतला आणि जमिनीवर उपडा केला.

राजाचा शब्द पहिल्यांदा खाली पडला. त्या दिवशी राज्यातल्या भाज्यांना मिठाची चव आली.

मग त्याने तांब्यात हळूच दुसरा शब्द टाकला, "कुमुदेवरची बंदी उठली. यावेसे वाटले तर वाट मोकळी आहे." थोरल्या दालनाने मान डोलावली, धाकट्याने डोलावली, मोहोर उठली.

पण ती आली नाही. आंबा मोहरत राहिला. थोरले दालन रिकामे झाले, नवे भरले. सगुणाबाई मुदत संपवून डोंगरात परतली. भारद्वाजही येईनासा झाला. आता लोक राजाला भीत नव्हते, पण त्याला हवी होती ती एकच. तो ओवरीत बसून वाटेकडे डोळे लावी आणि "ये" म्हणत नसे.

एका दुपारी ओवरीत पावले वाजली. केस पिकलेली कुमुदा येऊन पटासमोर बसली. तिने बराच वेळ पट न्याहाळला.

"दादा, एक घर जास्तच आहे."

"नाही," राजा म्हणाला, आणि स्वतःच दचकला. पटावर काहीच हलले नाही.

"आहे," कुमुदा म्हणाली.

राजाचे डोळे भरून आले. त्याने घरे पुन्हा मोजली आणि सोंगटी एक घर मागे घेतली.