पहिल्या पावलांचा डोह

एका डोंगरी गावात दोघांचं भांडण जुंपलं होतं, आणि ते ऐकायला सगळं गाव बर्फात उभं होतं.

"पावलं कुणाची आधी उमटली ते बघा," मासेमार म्हणत होता. "परवा माझी, काल माझी, आजही माझीच. ही येणार दुपारी, आणि म्हणणार डोह माझा."

"डोह माझा असं म्हणालेच नाही," म्हातारी म्हणाली. "डोह नासवू नकोस म्हणाले. ऐकू येत नसेल तर कानटोपी वर कर."

लोक हसले. मासेमार हसला नाही.

हिवाळा सरत आला होता, पण नदी अजून गोठलेली होती. फक्त कड्याखालचा एक डोह मोकळा होता आणि त्यात ट्राउट होते, अंगावर ठिपके असलेले गार पाण्यातले मासे. गावाची रीत अशी, की ज्याची पावलं काठावर आधी उमटतील त्याचा त्या दिवशी डोह, दुसऱ्याने गळ टाकायचा नाही. रीत उन्हाळ्यात पडली होती. उन्हाळ्यात हा मासा पहाटे खातो, म्हणून लवकर उठेल त्याला मान. पुढे रीत तशीच हिवाळ्यातही चालू राहिली, कुणी विचार केला नाही.

मासेमाराच्या घरी जवाची दोन पोती शिल्लक होती. म्हातारी एकटी, तिचा कणगा रिकामा झाला होता. खिंड उघडून धान्य येईपर्यंत तिला या डोहावरच दिवस काढायचे होते.

गावचा मुखिया मध्ये पडला. मासेमाराला म्हणाला, "तीन दिवसांत किती मासे धरलेस?"

"थंडी केवढी पडलीय. काठीवर दोरा ओवायच्या कड्या असतात, त्यांत बर्फ धरतं, ते दातांनी फोडावं लागतं. हे ओठ बघा."

ओठ खरंच फाटले होते.

"मी मासे विचारले."

"मासा एकही नाही," मासेमार म्हणाला. "पण मी अंथरुणात लोळत नव्हतो."

लोकांनी माना डोलावल्या. त्या गावात आळशी ही सगळ्यांत मोठी शिवी होती. म्हातारीने ती चाळीस वर्षं ऐकली होती आणि चाळीस हिवाळे दुपारीच नदीवर गेली होती.

"आजी, तू पहाटे का येत नाहीस?" मुखियाने विचारलं.

"मासा येत नाही म्हणून. एवढ्या गारठ्यात तो तळाशी दगडाला पोट लावून पडलेला असतो, तोंडसुद्धा उघडत नाही. आणि हा शहाणा अंधारात गुडघाभर पाण्यात शिरतो आणि अंगठ्याएवढी माशी दणादणा आपटतो." माशी म्हणजे गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, ट्राउट तिलाच फसतो. "दुपारी त्यांची खायची वेळ होते, तेव्हा ते भिऊन कपारीत बसलेले. मग हा उपाशी, मीही उपाशी, आणि मासेसुद्धा उपाशी."

"बोलायला काय जातं," मासेमार म्हणाला.

"मग उद्याचा दिवस दे. दुपारपर्यंत काठावर कुणाचंही पाऊल नको. मी बसेन, तू शेजारी बस. काही मिळालं नाही तर मी परत या डोहावर येणार नाही."

शेजारीण तिच्या कानाशी लागली, "अगं, मग खाशील काय?"

"अजून हरले कुठे," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मासेमाराला पहाटेच जाग आली. तो बूट घालून अंगणात बसून राहिला. दुपारी दोघं डोहावर गेली. म्हातारी एका खडकाआड बसली आणि तिने काठी बाजूला ठेवली.

"टाक की," तो म्हणाला.

"ऊन येऊ दे."

"डोंगरावर आलंय ऊन."

"डोंगरावर मासे नाहीत."

तो तीनदा उठला. तिन्ही वेळा तिने त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं.

मग ऊन कड्यावरून घसरत पाण्यावर आलं. थोड्या वेळाने काठच्या बर्फावर काळे ठिपके सरकू लागले. मासेमाराला वाटलं, कुणाच्या चुलीतली राख उडून आली. ते किडे होते, तिळाएवढे, पाण्यातून वर येणारे. डोहात एक वर्तुळ उठलं. मग दुसरं, मग चार-पाच एकदम.

म्हातारीने कावळ्याच्या पिसाची बारीक काळी माशी काढली आणि दोरा अलगद सोडला, पाण्याला कळलंही नाही. ऊन हलेपर्यंत तिने सात मासे धरले. मग दोरा गुंडाळला.

"अजून उजेड आहे," मासेमार म्हणाला.

"उजेड आहे, पण वरचं बर्फ वितळून खाली यायला लागलंय. पाणी गढूळ झालं, गार झालं. त्यांचं जेवण संपलं."

गाव वाट पाहतच होतं. मासे पाहून मुखियाने तिथंच सांगितलं, की हिवाळ्यात पावलं दुपारपासून मोजायची, त्याआधी काठावर जायचं नाही.

मासेमाराला ते सहन झालं नाही. "तीन पहाटा मी गारठून मेलो," तो म्हणाला. "हिने तासभर बसून सात मासे नेले. डोह कष्ट करणाऱ्याचा की बसून राहणाऱ्याचा, एवढंच सांगा."

काही लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. वाक्य कानाला बरं वाटत होतं.

म्हातारीने मासे काटकीत ओवले, त्यातले दोन त्याच्या हातात दिले आणि एकच वाक्य बोलली. त्या गावात मुलांना या गोष्टीचं तात्पर्य अजून त्याच शब्दांत सांगतात:

"कष्ट तू केलेस रे बाबा, नाही कोण म्हणतं, पण तीन दिवस तू थंडीशीच भांडत राहिलास, मासा कधी जेवतो ते एकदाही पाहिलं नाहीस."