लाल चिंधी, पिवळी चिंधी

खूप खूप वर्षांमागे, कुण्या एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक ट्रक होता. आता कुणी म्हणेल, बोधकथेत कोल्हा असतो, राजा असतो, हा ट्रक कुठून आला? अहो, आला असेल कुठूनतरी! गावाला एकुलता एक होता, फुगीर नाकाचा, म्हातारा, आणि गावाचा जीव त्याच्यावर. धान्य, मीठ, आजारी माणसं, सासरी निघालेल्या लेकी, सगळं त्याच्यातूनच घाटापलीकडे जायचं.

या ट्रकचं वायरिंग येसोबा मिस्त्री बघायचा. वायरिंग कसलं, गोधडीच होती ती! तुटलं तिथं जोड, जोडावर जोड, त्यावर चिकटपट्टी. वायरीही सगळ्या काळ्या, त्यामुळं कुठली कुठं जाते ते एका येसोबालाच ठाऊक. दर बाजाराला ट्रक अडायचा आणि ओरड व्हायची, "अरे, येसोबाला बोलवा!" येसोबा मुद्दाम सावकाश यायचा, बोनेटखाली हात घालायचा, आणि ट्रक धडधडला की मिशीवरून बोट फिरवायचा. त्या ओरडण्यावरच त्याचं पोट भरायचं म्हणा ना.

पण एक दिवस ट्रकच्या नाकातून धूर निघाला. आतल्या वायरी जळून एकमेकींना चिकटल्या होत्या. पाटलांनी चार शहाणी माणसं गोळा केली आणि ठरवलं, की आता ठिगळं पुरे. वायरिंगचा अख्खा जुडगा काढायचा आणि नवा घालायचा. त्यासाठी घाटापलीकडून हौसाला बोलावलं. हौसा चाळिशीची बाई, बापाकडून हा धंदा शिकलेली, हाताला भारी चलाख.

पाटील म्हणाले, "येसोबा, तुम्ही फक्त कुठली वायर कुठं जाते तेवढं तिला दाखवा."

फक्त! तीस वर्षं ट्रकखाली पाठ घासली, आणि आता फक्त! येसोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र म्हणाला, "दाखवतो की. त्यात काय मोठंसं?"

हौसाची काम करायची रीत निराळी होती. जुनी वायर कापण्याआधी ती तिच्या टोकाला रंगीत चिंधी बांधायची. पुढच्या मोठ्या दिव्यांना लाल, मागच्या बारक्या दिव्याला पिवळी, कर्ण्याला हिरवी. नवा जुडगा घातला की चिंधी बघून वायर जोडायची. "म्हणजे उद्या मी नसले तरी कुणालाही कळेल, बाबा," ती येसोबाला म्हणाली. कुणालाही कळेल! हे ऐकून तर येसोबाला आणखीच झोंबलं. कुणालाही कळायला लागलं तर मिस्त्रीला विचारतो कोण?

तिसऱ्या दिवशी हौसासाठी भाकरी घेऊन आली ती येसोबाचीच लेक, मैना. बाळंतपणाला माहेरी आली होती, सव्वा महिन्याचं लेकरू कुशीत होतं. तिनं नवा जुडगा पाहिला, त्याच्यावरची घट्ट सारखी गुंडाळी पाहिली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आबा, बघा तरी! किती सुबक केलंय! आपल्या ट्रकला असं कधी नव्हतं."

गाव बोललं ते येसोबानं गिळलं होतं. लेक बोलली ते काही गिळवेना. ज्या लेकीला खांद्यावर बसवून त्यानं हा ट्रक दाखवला होता, ती आज परक्या बाईच्या हाताचं कौतुक करत होती!

जोडणी अजून बाकी होती. हौसा हात धुवायला विहिरीवर गेली. मैनाही तिच्याशी गप्पा मारत निघाली. येसोबानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि झटक्यात लाल चिंधी सोडून पिवळीच्या जागी बांधली आणि पिवळी लालच्या जागी. झालं काम! आता पुढचे दिवे लावायला खटका दाबला की मागचा दिवा लागणार. भर उन्हात हे कळणार नव्हतं. कळणार होतं ते घाटमाथ्यावरच्या बोगद्यात, जिथं दिवसाही हात दिसत नाही.

"काय होईल फार तर?" येसोबानं स्वतःलाच समजावलं. "ट्रक बोगद्यात थांबेल. लोक हौसाला शिव्या घालत चालत परत येतील." या विचारानं त्याला त्या दुपारी छान झोप लागली, हे सांगायला मला लाज वाटते, पण लागली खरी.

बाजाराचा दिवस उजाडला. ट्रकला हार घातला, नारळ फोडला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. कर्णा असा वाजला, की बैल बुजले. लोकांनी टाळ्या पिटल्या. तीस माणसं मागं चढली, हौसाही आपल्या गावी जायला चढली. आणि त्यांच्यामागून, लेकराला छातीशी धरून, मैना चढली.

येसोबा चरकला. "तू कुठं?"

"सासरी, आबा! कालच नाही का निरोप आला? ट्रक झाला की ये म्हणून?"

तेव्हा येसोबाला ते आठवलं, जे त्यानं तीन दिवस आठवू दिलं नव्हतं. बोगदा संपता संपता वळण होतं, आणि वळणाखाली दरी.

"उतर खाली," तो म्हणाला. "आजचा दिवस बरा नाही."

"तुम्हीच तर म्हणालात, बुधवार चांगला!"

"मांजर आडवं गेलं."

"कुठलं मांजर?"

"गेलं म्हणतो ना!" म्हणत त्यानं हात वर केले आणि लेकरूच काढून घेतलं. आता आईला उतरण्यावाचून गत होती का? मैना उतरली. ट्रकमधले लोक हसले. "म्हाताऱ्याला नातवंड सोडवत नाही!" कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हरनं कर्णा दिला आणि ट्रक हलला.

येसोबानं सुटकेचा निःश्वास सोडला. लेक वाचली, लेकरू वाचलं. पण त्याची नजर जाणाऱ्या ट्रकवरून हलेना, आणि मैनेला ते दिसलं.

"आबा, काय झालं? खरं सांगा."

"काही नाही ग. ट्रक बोगद्यात दगा देणार, एवढंच. दिवे लागायचे नाहीत."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

येसोबाची मान खाली गेली. मैनेनं एकदा बापाकडे पाहिलं, लेकरू त्याच्या हातातून घेतलं आणि ती ट्रकमागं धावत सुटली. "थांबवा! थांबवा हो! दिव्यांत खोट केलीय!"

ट्रक थांबला. माणसं उतरली. पाटील आले. येसोबाला बोलावंच लागलं. लाल चिंधी, पिवळी चिंधी, सगळं त्यानं सांगितलं.

मग हौसा पुढं झाली. "दिवे नीट आहेत," ती म्हणाली. "मी चिंधी बघून वायर जोडते खरी, पण जोडल्यावर बल्ब लावून तपासतेही. पुढचा बल्ब लागेना तेव्हाच चिंध्यांची अदलाबदल झालीय हे कळलं. परवाच नीट केलं."

"मग बोलली का नाहीस?" पाटलांनी विचारलं.

"मला वाटलं, वायरी दाखवताना बाबांची नजर चुकली असेल. वडीलधाऱ्या माणसाची चूक चारचौघांत कशाला काढायची?"

येसोबाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या गोष्टीवर त्या बाईनं पांघरूण घातलं होतं, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं उघडी केली होती. तो मैनेजवळ गेला. "पोरी, मी तुला उतरवलं ना? तुझ्यासाठी जीव तुटला म्हणूनच ना?"

मैनेच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापला नाही. "हो आबा. तीस माणसं बसली होती. उतरवलंत ते मला एकटीलाच."

एवढं बोलून ती पुन्हा ट्रकमध्ये चढली. हौसानं हात देऊन तिला वर घेतलं आणि लेकरू आपल्या मांडीवर ठेवलं. ट्रक घाट चढून गेला आणि बोगद्यातून दिवे लावून सुखरूप पार झाला.

गावानं येसोबाला शिक्षा केली नाही. वर्षानं मैनेच्या सासरहून नातवाच्या जावळाचं बोलावणं घरोघर आलं. बाया नटल्या, माणसं फेटे बांधून ट्रकमध्ये बसली. येसोबाही धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसला. त्याला कुणी चल म्हणालं नाही, नको येऊ असंही म्हणालं नाही. ट्रक दारावरून निघून गेला.

तात्पर्य: मत्सरानं दुसऱ्याच्या कामात केलेली खोट एक वेळ दुरुस्त होते, पण आपल्या माणसांच्या मनातून उतरलेला माणूस पुन्हा चढत नाही.