शिवेवरचा निजलेला धोंडा

सोनखळी आणि तळवट या दोन गावांच्या मधे एक धोंडा आहे. शिवेचा धोंडा उभा असतो, हा मात्र उशीसारखा आडवा आहे. शेजारी पाण्याने भरलेली घागर. "पडला का हो हा?" असं पाहुणे विचारतात. तेव्हा म्हातारे गोविंदा गुरव म्हणतात, "पडला नाही. निजवलाय."

असे सांगतात, की पूर्वी या शिवेपायी दरसाल डोकी फुटायची. गवत कापायची वेळ आली, की इकडचे धोंडा तिकडे सरकवीत आणि तिकडचे इकडे.

एका चैत्रात उंबरवाडीची गोमाई कुंभारीण नव्या घागरी घेऊन बाजाराला निघाली होती. धोंड्यापाशी एक परकी बाई पडलेली दिसली. अंगात फणफणून ताप, ओठ फुटलेले. "पाणी," एवढंच ती म्हणत होती. गोमाईच्या घागरी कोऱ्या, कोरड्या. ती सोनखळीच्या विहिरीवर धावली, तर राणोजी पाटील आडवे आले. मुलखात पटकीची साथ होती.

"ती तळवटच्या हद्दीत आहे. आज पाणी पाजलं, तर उद्या मढंही आमच्याच गळ्यात."

गोमाई तळवटला पळाली. तिथले हैबतराव पाटील म्हणाले, "अगं वेडे, ती सोनखळीची जमीन. आम्ही कशाला मधे पडू?"

दोन्ही गावं शिवेवर जमली. आणि जन्मात पहिल्यांदा, म्हणे, जो तो धोंडा आपल्याच बाजूला ओढू लागला, बाई पलीकडे जावी म्हणून! धोंडा उखडला. गोमाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो ढकलून आडवा केला आणि बाईचं डोकं त्यावर टेकवलं.

"गवत कापायला तुमची शीव पुढं धावते, आणि घोटभर पाणी पाजायचं म्हटलं की मागं पळते? आग लागो असल्या शिवेला! आता उचला धोंडा. बघू कुणाची छाती होते!"

धोंड्याला कुणी हात लावला नाही. ती घागर घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा कुणी अडवलंही नाही. पण ती परतेपर्यंत बाईचे ओठ मिटले होते.

गोमाईने तिला तिथेच माती दिली, भरली घागर उशाशी ठेवली आणि निघून गेली. त्या दिवसापासून कुंभारांनी दोन्ही गावांना मडकं देणं बंद केलं. लग्नाला बोळकी मिळेनात, मढ्यापुढे धरायला मडकं मिळेना. शेवटी राणोजी आणि हैबतराव अनवाणी उंबरवाडीला गेले. गोमाई चाकावरून उठली नाही.

"माझ्या पाया पडू नका," ती म्हणाली. "तिची घागर भरा. स्वतःच्या हातानं."

आजही दोन्ही गावांतले पाटील पाळीपाळीने ती घागर भरतात. आव्यात भाजून निघालेली पहिली घागर कुंभार तिथेच आणून ठेवतात. धोंड्याभोवतीची जमीन कुणी नांगरत नाही. आणि तहानलेला वाटसरू सवयीने आपलं गाव सांगू लागला, की गोविंदा गुरव त्याला मधेच थांबवतात. "ते राहू द्या," म्हणतात, "आधी पाणी प्या."