वहाणेवरचा ठसा

करंजगडचे राजे भुजंगराव भर दरबारात घसरून पडले! गुळगुळीत फरशी, पायांत नव्याकोऱ्या वहाणा आणि वहाणांच्या टाचांना लोखंडी नाल. कंबर धरून उठले ते गरजतच, "या वहाणा कुणी केल्या?"

वहाणा विकणाऱ्या रामलिंगशेटला बोलावून आणलं. त्यानं हात जोडले. "तळाला ठसा आहे ना महाराज, सटवाजी कारागिराचा! मी काय, नुसता विकणारा."

सटवाजीला धरून आणलं. मागोमाग बाजारातून परस्पर त्याची लेक येसू धावत आली.

"महाराज, आम्ही चामड्याच्या वादीनं शिवतो, लोखंडाला हातही लावत नाही," सटवाजी काकुळतीला आला. "टॉक टॉक वाजावं म्हणून शेटजींनी मागाहून नाल ठोकले!"

पण राजेसाहेब आधीच हट्टी, त्यात कंबर दुखलेली! "ठसा तुझा, तर दोष तुझा! उद्या अशा वहाणा आण, की विकणाऱ्यानं त्यांना काहीही ठोकलं तरी पाय घसरता कामा नये. नाहीतर तुझी रापी-आरी जप्त!"

हत्यारं गेली तर सटवाजीनं खायचं काय?

येसू पुढे झाली. "उद्या कशाला, महाराज? उत्तर आत्ताच देते. पण शेटजी उन्हातून आलेत, आधी त्यांना सरबत तरी द्या."

राजमुद्रेच्या चांदीच्या पेल्यात वाळ्याचं सरबत आलं. ते येसूनंच नोकराकडून घेतलं. शेटजी लवून लवून मुजरे करत होते, तेवढ्यात तिनं नुकतंच विकत घेतलेलं मीठ पदरातून काढून मूठभर पेल्यात ढकललं. राजेसाहेबांनी ते पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

शेटजींनी मोठा घोट घेतला. "थू थू! काय हे खारट!"

"अगबाई! राजवाड्याच्या सरबताला थू? पेल्यावर ठसा कुणाचा आहे, बघा तरी!"

शेटजींना दरदरून घाम फुटला. "महाराजांचाच! पण महाराजांचा काय दोष? मुदपाकखान्यातून गोडच निघालं असणार! वाटेत ज्यानं मीठ कालवलं, त्याला धरा!"

"मी कालवलं, धरा मला!" येसू म्हणाली. "आणि आमच्या वहाणांना वाटेत नाल कुणी ठोकले, तेही सांगून टाका!"

राजेसाहेब एका हातानं कंबर सावरत खदाखदा हसले. "निवाडा शेटजींनीच दिला की! शेटजी, वैद्याचा खर्च तुमचा. सटवाजी, दरबारातल्या सगळ्या वहाणा यापुढे तूच करायच्या. आणि पोरी, तो चांदीचा पेला तुझा. विसळून घे मात्र!"